एकाच पातेल्यातला काढा सगळ्यांना नको

प्रश्न: आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, सहा वर्षांचा मुलगा आणि सात महिन्यांची मुलगी. पाऊस सुरू झाला की थेट चतुर्थीपर्यंत घरात कोणाचं ना कोणाचं नाक चोंदलेलं, छाती भरलेली असते. सासूबाई अडुळसा, तुळस, आलं, मिरी, ज्येष्ठमध आणि कोविडपासून गुळवेल घालून काढा उकळतात आणि सगळ्यांना देतात. बाळालाही तोच, मधात कालवून चाटवतात. शिवाय छातीला कापूर घातलेलं खोबरेल, ओव्याची पुरचुंडी, संध्याकाळी धुरी, मोठ्यांना निलगिरीची वाफ. सासऱ्यांना रक्तदाब आणि मधुमेह आहे. नवरा फार्मसीतून आणलेले नाकाचे थेंब रोज रात्री घालतो. पुण्याचे दीर म्हणाले, हे सगळं थोतांड, याला काही शास्त्रीय पुरावा नाही. सासूबाईंना ते फार लागलं. मला कोणाचं मन दुखवायचं नाही, पण कोणाला नक्की काय द्यायचं?
— एक सून, डिचोली

प्रिय ताई,

बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण एक गोष्ट आजच थांबवा: बाळाला मध चाटवणं. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांना थारा मिळत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजू शकतात, आणि तिथे तयार होणारं विष बाळाचे स्नायू लुळे पाडतं. आधी शौचाला होत नाही, मग दूध ओढायचा जोर कमी होतो, रडणं क्षीण होतं, मान सैल पडते. असं क्वचित घडतं, पण घडलं तर बाळाला कृत्रिम श्वासावर ठेवायची वेळ येऊ शकते. मध सत्तरी तालुक्याच्या रानातला आहे, शुद्ध आहे, काढ्याबरोबर उकळला आहे, यातल्या कशानेच फरक पडत नाही, कारण हे बीजाणू घरातल्या उकळीने मरत नाहीत. आजवर चाटवलेल्या मधानंतर बाळ खेळतंय, पितंय, तर घाबरू नका. वरची लक्षणं तेवढी ध्यानात ठेवा, आणि पहिला वाढदिवस होईपर्यंत मध बाळापासून लांबच राहू द्या.

आता दिरांचं म्हणणं. ‘पुरावा नाही’ या दोन शब्दांत दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. एखादं औषध माणसांवर नीट तपासलं आणि त्याचा उपयोग झाला नाही, ही एक. ते कोणी नीट तपासलंच नाही, ही दुसरी. सासूबाईंच्या पातेल्यातल्या बऱ्याच वस्तू दुसऱ्या प्रकारात मोडतात. काही तपासल्या गेल्या आहेत आणि उपयोगी ठरल्या आहेत, काही तपासून फोल ठरल्या आहेत. सरसकट थोतांड म्हणणं मला मान्य नाही. पण त्याच पातेल्यातून रक्तदाबाच्या वयस्क माणसाला आणि सात महिन्यांच्या बाळाला एकच काढा देणं, हेही मला मुळीच मान्य नाही. तुमच्या घरातली खरी अडचण झाडपाला नाही, सगळ्यांना एकच पातेलं ही आहे.

नाक चोंदतं म्हणजे काय होतं, हे आधी थोडं सांगतो. आपल्याला वाटतं शेंबडाने नाक भरलंय. पण मुख्य कारण वेगळं असतं: नाकाच्या आतल्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, अस्तर सुजतं आणि वाट अरुंद होते. म्हणूनच कितीही शिंकरलं तरी नाक मोकळं होत नाही. छातीतला प्रकार निराळा. तिथे श्वासनलिकांमध्ये चिकट कफ साचतो आणि तो वर ढकलायला खोकला येतो. साध्या सर्दीचे विषाणू आठ-दहा दिवसांत आटोपतात, खोकला मात्र सरासरी अडीच आठवडे रेंगाळतो. बहुतेकांची अपेक्षा असते आठवड्याची. त्यामुळे सातव्या-आठव्या दिवशी कंटाळून जे काही सुरू करावं, त्याला नंतर गुण आल्यासारखं दिसतं, मग तो काढा असो की अँटिबायोटिक. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं हे तर नेहमीचंच आहे. गुण कशाचा आणि उतार कशाचा, हे घरच्या अनुभवावरून सांगणं यासाठीच अवघड जातं, आणि म्हणून तुलनेचे अभ्यास लागतात.

अडुळशापासून सुरुवात करतो, कारण सासूबाईंचं पारडं तिथे चांगलंच जड आहे. अडुळशाच्या पानात व्हॅसिसीन नावाचं अल्कलॉइड असतं. त्याच्या रचनेवरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध बनवलं, ते १९६३ मध्ये बाजारात आलं. ब्रोमहेक्झिनचं शरीरात जे रूप होतं तेच आंब्रोक्सॉल. आज कुठल्याही फार्मसीत खोकल्याच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा, या दोघांपैकी एक नाव बहुतेक वेळा सापडेल. म्हणजे दिरांच्या पुण्याच्या घरातल्या बाटलीचा आणि तुमच्या कुंपणाच्या अडुळशाचा संबंध फार जवळचा आहे, हे त्यांना जरूर सांगा.

एवढ्यावरून पानांचा काढा म्हणजेच ते औषध, असं मात्र होत नाही. गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते ठाऊक असतं. पानात किती व्हॅसिसीन आहे, हे झाड, पानाचं वय आणि ऋतू यांवर बदलतं. नुसत्या अडुळशावर माणसांमध्ये झालेले चांगले, मोठे तुलनात्मक अभ्यास फारच थोडे आहेत. मी त्याला ‘शक्यता दमदार, पुरावा अपुरा’ असं म्हणेन. धडधाकट मोठ्या माणसाने चार-पाच दिवस पानं वाफवून काढलेला चमचाभर रस घेतला, तर मी अडवणार नाही. गरोदर बाईने मात्र घेऊ नये, कारण व्हॅसिसीनने गर्भाशय आकुंचन पावतं. तुमच्या घरात बाळ लहान आहे आणि पुढचा विचार असेल, तर हे लक्षात असू द्या.

काढ्यातल्या ज्या गोष्टीला खरा आधार आहे, ती कोणाच्या ध्यानातही येत नाही: तो गरम असतो. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात २००८ मध्ये सर्दीने आजारी असलेल्या ३० जणांना फळांच्या रसाचं एकच पेय दिलं, कधी गरम, कधी खोलीच्या तापमानाचं. गरम पेयाने नाक गळणं, शिंका, खोकला, घसा, हुडहुडी, थकवा या सगळ्यांत लगेच आराम वाटला. यंत्राने मोजलं तर नाकातून जाणारी हवा तेवढीच होती. म्हणजे सूज उतरली नाही, पण माणसाला बरं वाटलं. आजारपणात बरं वाटणं ही छोटी गोष्ट नव्हे. तेव्हा कुळथाचं गरम कळण, मीठ घातलेली उकड्या तांदळाची पातळ पेज, आल्याचा चहा, गवती चहा, यातलं ज्याला जे आवडेल ते त्याला द्या. आलं श्वासनलिकेच्या स्नायूंना सैल करतं असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. ते कपातल्या दोन चकत्यांनीही घडतं असं मानायला आधार नाही, पण घशाला आलं बरं वाटतं आणि तेवढं मला पुरेसं आहे.

तुळशीबद्दल लोक फार ठासून बोलतात. २०१७ मध्ये तुळशीवरच्या मानवी अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला, त्यात २४ अभ्यास होते, पण बहुतेक रक्तातली साखर, ताण अशा विषयांवरचे. चोंदलेल्या नाकाला तुळस किती उपयोगी, याचं उत्तर त्यात मिळत नाही. पाच-सहा पानं चहात टाकल्याने बिघडत काहीच नाही. पानओव्याचंही तसंच. कुंडीतलं ते जाडसर, लवदार पान चुरडलं की येणारा वास कार्व्हाक्रॉल आणि थायमॉलचा. दोन्ही जंतुनाशक, पण ते प्रयोगशाळेतल्या बशीत. त्याची भजी करा, मुलगा आवडीने खाईल.

हळदीच्या दुधाचं गणित मांडून दाखवतो. हळदीतला उपयुक्त समजला जाणारा घटक म्हणजे कर्क्युमिन, तो हळदीच्या वजनाच्या साधारण तीन टक्के. शिवाय तो आतड्यातून रक्तात फारसा जातच नाही. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की मिरीतल्या पिपरीनबरोबर दिलं तर त्याचं शोषण वीसपट वाढतं. सासूबाई काढ्यात घालतात तशी मिरी हळदीच्या दुधातही घालणं त्या दृष्टीने बरोबरच. पण त्या अभ्यासात कर्क्युमिन होतं दोन ग्रॅम, म्हणजे पासष्ट-सत्तर ग्रॅम हळदीतलं. आपण दुधात घालतो पाव चमचा. त्यामुळे रात्रीचं गरम दूध म्हणून प्या, औषध म्हणून त्यावर विसंबू नका. दुधाने कफ वाढतो म्हणून आजारी मुलाचं दूध तोडायचीही गरज नाही. ऑस्ट्रेलियात मुद्दाम सर्दीचा विषाणू दिलेल्या माणसांवर हे तपासलं गेलं होतं आणि जास्त दूध पिणाऱ्यांचा शेंबूड जास्त निघाला नाही.

सहा वर्षांच्या मुलासाठी घरातलं सगळ्यात भक्कम औषध कोणतं म्हणाल, तर मध. बाळाला जे विष ठरू शकतं तेच याला उपयोगी. अमेरिकेत २००७ मध्ये १०५ मुलांवर झालेल्या अभ्यासात झोपण्याआधी चमचाभर मध घेतलेल्या मुलांचा रात्रीचा खोकला काहीही न दिलेल्या मुलांपेक्षा कमी झाला. पुढे असे अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्या कोक्रेन या संस्थेनेही २०१८ मध्ये मध लहान मुलांच्या खोकल्यात बहुधा उपयोगी आहे असंच म्हटलं. काढ्यात न घालता नुसताच द्या, झोपायच्या अर्धा तास आधी अर्धा ते एक चमचा, आणि नंतर दात घासायला लावा. हे काम सासूबाईंकडेच सोपवा.

आता सासऱ्यांकडे येतो. तुमच्या पत्रातल्या मोठ्या माणसांपैकी मला खरी काळजी त्यांची वाटली. ज्येष्ठमध घशाला मऊ वाटतो यात शंका नाही. पण त्यातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातलं एक विकर अडवतं, आणि मग शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. रक्तदाब चढतो. त्यांच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असेल तर पोटॅशियम दुप्पट वेगाने खाली येतं, पायात गोळे येतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एखाद-दोन दिवस काडी चघळल्याने असं होत नाही. तुमच्याकडे पाऊस संपेपर्यंत रोज काढा आहे, म्हणून सांगतो: त्यांच्या कपात ज्येष्ठमध नको, एक दिवसही नको.

मधुमेहाचं म्हणाल, तर सितोपलादि चूर्ण मधात कालवून घेत असतील तर तेही विचारा. त्याचं पारंपरिक प्रमाण खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन, दालचिनी एक असं आहे. एकतीस भागांतले सोळा भाग साखर, वर मध. हे औषध म्हणून घेतलं जातं, त्यामुळे साखरेच्या हिशेबात कोणी धरतच नाही.

आणखी एक. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीच कोरडा खोकला येतो, एनालाप्रिल आणि रामिप्रिल ही त्यांतली नेहमीची नावं. त्यांच्या गोळ्यांची पाकिटं काढून बघा. असं नाव दिसलं तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा, ते बदलून देतील. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे या खोकल्यावर महिनोन्महिने काढे झाले, सिरप झाली आणि गोळी तशीच चालू राहिली.

गुळवेलीचं प्रकरण वादाचं आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की त्या रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, याची खातरजमा झालेली नाही. आक्षेप बिनबुडाचा नाही. आपल्याकडे माटोळीला, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला, बांधायची रानफळं आणि वेली ओळखणारी जाणती माणसं अजून आहेत, पण बाजारातल्या वाळलेल्या कांड्यांवरून कोण काय ओळखणार? मला विचाराल तर साध्या सर्दीला गुळवेलीची गरज नाही. चोंदलेल्या नाकावर तिचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही, आणि रोज, महिनाभर, घरातल्या प्रत्येकाला देण्यात धोका आहे. ती पातेल्यातून काढून टाका. घशाच्या दुखण्याला एखादं कडू औषधच हवं असेल तर किराईत, म्हणजे कालमेघ, तिच्यापेक्षा बऱ्या परीक्षेतून गेलेली आहे. २०१७ च्या एका आढाव्यात तिच्यावरचे ३३ अभ्यास होते, घसा आणि खोकल्याला आराम दिसला, पण अभ्यासांचा दर्जा बेताचा. ती मोठ्यांपुरतीच ठेवा, चार-पाच दिवसांपुरतीच, आणि सासऱ्यांना साखरेच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

उग्र वासाच्या वस्तूंबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण घरातले खरे अपघात यांनीच होतात. कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल एका कोरड्या बाटलीत घालून हलवा. तिन्ही खडे, त्यात पाण्याचा थेंब नाही, तरी थोड्या वेळाने बाटलीत तेलासारखा पातळ पदार्थ दिसतो. हीच अमृतधारा. हुंगली की नाक एकदम उघडल्यासारखं वाटतं. पुदिन्याच्या फुलातलं मेंथॉल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, आणि मेंदूला वाटतं गार हवा भरपूर आत येतेय. हवा मोजली तर वाढलेली नसते. थंडी टिपणारा मज्जातंतूवरचा हा रिसेप्टर २००२ मध्ये ज्या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मेंथॉल वापरून शोधला, त्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना तापमान आणि स्पर्शाच्या रिसेप्टरांवरच्या कामासाठी २०२१ चं नोबेल मिळालं. रात्री नाक चोंदून झोप लागत नसेल तर मोठ्यांनी हे वापरायला हरकत नाही. छातीला लावायचा कापूर-मेंथॉल-निलगिरीचा बाम २०१० मध्ये अमेरिकेत दोन ते अकरा वर्षांच्या १३८ मुलांवर तपासला गेला, मुलं जास्त चांगली झोपली, काहींची त्वचा चुरचुरली. तेव्हा तुमच्या मुलाच्या छातीला थोडासा चालेल, नाकाखाली नको.

बाळाला यातलं काहीही नको. कापराचं खोबरेल नको, पुरचुंडी नाकाशी धरणं नको, बाम नको. इतक्या लहान बाळाचा श्वास अशा उग्र वासाने क्षणभर थांबू शकतो. कापूर पोटात गेला तर आणखी वाईट: लहान मुलाने देवघरातल्या एक-दोन वड्या तोंडात टाकल्या तरी झटके येऊ शकतात. निलगिरीच्या तेलाचा चमचाही मुलाला बेशुद्ध करू शकतो. या बाटल्या आणि कापराची डबी वरच्या फळीवर, कुलपात ठेवा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत कापूर-ओवा-लवंगेची पोटली हुंगली की ऑक्सिजन वाढतो असे मेसेज घरोघर फिरले, त्यात तथ्य नव्हतं. आणि कोणी बाळाच्या छातीला फेणी चोळायला सांगितली, चमचाभर पाजायला सांगितली, तर तेही करू नका. दारू बाळाच्या कातडीतूनही आत जाते.

धुरी तर पूर्ण बंद करा. न्हाऊमाखू घातल्यावर ओवा, ऊद, वावडिंग निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरावर धरण्यामागे मायाच असते, हे मला ठाऊक आहे. पण धूर म्हणजे धूरच, निखारा लाकडाचा असो की कोळशाचा. त्यातले बारीक कण बाळाच्या श्वासनलिकेत जाऊन बसतात आणि सूज वाढते. न्हाऊ घालणारी बाई बाळाच्या नाकात तेलाचे थेंब सोडत असेल तर तेही थांबवा, तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

वाफेबद्दलचा निकाल तुम्हाला निराश करेल. गरम दमट हवेने सर्दी लवकर बरी होते का, यावरचे सहा अभ्यास कोक्रेनने २०१७ मध्ये एकत्र पाहिले, आणि ठाम असा फायदा दिसला नाही. घटकाभर मोकळं वाटतं, तेवढंच. मोठ्यांनी घ्यायची तर भांडं टेबलावर स्थिर ठेवून घ्या, मांडीवर किंवा पलंगावर नाही. मुलाला वाफ देऊ नका. उकळतं पातेलं अंगावर सांडून भाजलेली मुलं पावसाळ्यात आणि साथीच्या काळात दवाखान्यात येतात, आणि ते व्रण जन्मभर राहतात. निलगिरीतल्या सिनिओलचा उपयोग दिसला आहे तो वेगळ्या रूपात: जर्मनीत २००४ मध्ये सायनसच्या १५२ रुग्णांपैकी निम्म्यांना कॅप्सूलमधून मोजून २०० मिलिग्रॅम सिनिओल दिवसातून तीनदा दिलं, त्यांना बाकीच्यांपेक्षा जास्त आराम पडला. वाफेच्या पातेल्यातले चार थेंब म्हणजे ती मात्रा नव्हे, आणि तेल पिणं तर मुळीच नव्हे.

मग बाळाला काय? मिठाचं पाणी. फार्मसीत सलाइनचे नाकाचे थेंब अगदी स्वस्तात मिळतात. पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब, मिनिटभर थांबून मऊ कपड्याने पुसा, मग पाजा. इतकं साधं असूनही याला पुरावा आहे: स्कॉटलंडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात मिठाच्या पाण्याचे थेंब घातलेल्या मुलांची सर्दी सरासरी सहा दिवस टिकली, इतरांची आठ. तो निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाला. त्यांनी वापरलेलं पाणी थोडं जास्त खारट होतं, पण बाळासाठी घरी असं काही बनवू नका, विकतचे तयार थेंबच घ्या. मोठ्यांसाठी जलनेती उत्तम: पाव लिटर पाणी चांगलं उकळून कोमट करा, त्यात जेमतेम अर्धा छोटा चमचा मीठ. पाणी उकळलेलंच हवं. विहिरीचं, नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नका, केरळमध्ये नाकावाटे शिरणाऱ्या अमिबाने मेंदूज्वर होऊन दगावलेली माणसं अलीकडचीच आहेत.

तुमच्या यजमानांचे रोजचे थेंब ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे असणार. पहिल्या रात्री पाच मिनिटांत नाक उघडतं. पण तीन-पाच दिवसांपलीकडे घातले की रक्तवाहिन्या त्यांना सोकावतात, थेंबाचा अंमल उतरला की दुप्पट फुगतात, आणि मग थेंबांमुळेच नाक चोंदतं. आता त्यांची सर्दी बहुधा कधीच गेली आहे, उरले आहेत ते थेंब. आधी एका नाकपुडीत बंद करावेत, आठवड्याने दुसऱ्या. पहिले काही दिवस त्रास होईल, त्या काळासाठी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडून स्टेरॉइडचा स्प्रे लिहून घ्यावा.

दिरांनाही हीच मोजपट्टी लावा. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत आणि सिरपांत असणारं फिनाइलएफ्रिन तोंडाने घेतलं तर नाक मोकळं करत नाही, असं सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने एकमताने सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत असा आदेश काढला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी डायएथिलिन ग्लायकॉल असलेल्या खोकल्याच्या सिरपने मुलं दगावली. दुकानातली छापील बाटली आहे म्हणून ती आपोआप शास्त्रीय ठरत नाही. तुमच्या बाळाला खोकल्याचं कुठलंच सिरप नको, आयुर्वेदिक नाही आणि अ‍ॅलोपॅथिकही नाही.

घर बघा, हेही सांगायचं राहिलं होतं. दर पावसाळ्यात सगळ्यांचं नाक चोंदतं तेव्हा प्रत्येक वेळी विषाणूच असतो असं नाही. कपाटामागची भिंत, गाद्यांची खालची बाजू, न्हाणीघराचा कोपरा, इथे काळी बुरशी दिसली तर ती पुसून, वाळवून काढा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. चतुर्थीच्या साफसफाईत धूळ झाडताना मुलांना त्या खोलीत ठेवू नका. मुलगा रात्री-पहाटे खोकत असेल, धावला की दम लागत असेल, छातीत शिट्टी वाजत असेल, तर तो कफ नव्हे, दमा असू शकतो, आणि त्याला कुठलाही काढा पुरणार नाही. इनहेलरला घाबरू नका.

सासूबाईंशी बोलताना यादी वाचून दाखवू नका. त्यांना सांगा की अडुळशाच्या पानातल्या घटकावरून बनवलेल्या औषधाच्या बाटल्या जगभर विकल्या जातात आणि मुलाच्या खोकल्यावर मध देणं डॉक्टरांनाही पटतं. मग म्हणा, बाळाची पाळी पुढच्या वर्षी. मोठ्यांसाठी आलं, तुळस, मिरी, अडुळशाचं छोटं पातेलं, त्यातून सासऱ्यांचा कप बिनसाखरेचा, बिनज्येष्ठमधाचा. मुलाला मध आणि पेज. बाळाला तुमचं दूध, नेहमीचं वरचं खाणं आणि मिठाचे थेंब. एवढा बदल त्या स्वतःच करतील असं मला वाटतं, कारण घरातल्या प्रत्येकाचं पथ्य वेगळं असतं हे त्यांच्या पिढीला सांगावं लागत नाही.

शेवटी कधी थांबायचं नाही ते. बाळ शांत असताना त्याच्या पोटावरचे कपडे वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मिनिटाला पन्नास किंवा जास्त असतील (वर्षापुढच्या मुलाला चाळीस), तर त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ पीत नसेल, कण्हत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा आणि डिचोलीचं आरोग्य केंद्र किंवा म्हापशाचं जिल्हा इस्पितळ गाठा. मोठ्यांमध्ये दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, थुंकीत रक्त, वजन कमी होणं, संध्याकाळचा ताप यांपैकी काही असेल तर क्षयाची थुंकी तपासणी करून घ्या, ती सरकारी केंद्रात फुकट होते. सासऱ्यांचा खोकला किती दिवसांचा आहे ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर गोळ्यांची पाकिटं बरोबर घेऊन याच आठवड्यात त्यांना दाखवून आणा.